घरात आणखी कोण राहतं

आतल्या खोलीत पेल्यावर चमचा वाजला.

आम्ही बैठकीच्या खोलीत बसलो होतो. घरात आणखी कोण राहतं, असं माझ्या नवऱ्याने सहज विचारलं होतं आणि घर विकणारे काका उत्तर द्यायचं सोडून पंख्याकडे बघत बसले होते. काकू उशीच्या खोळीवरची एकच सुरकुती पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. मागच्या बंद दाराआड चमचा तीनदा फिरला, मग थेंब झटकावा तसा पेल्याच्या काठावर दोनदा आपटला.

"पाहुणी आहे," काका म्हणाले. "माझी थोरली बहीण. येते अधूनमधून."

आम्ही हसलो. घर बघायला गेलेली माणसं सगळ्यालाच हसतात. आमची पाच वर्षांची लेक तोवर त्या दारापाशी पोचली होती आणि फटीला डोळा लावून उभी होती. तिला आम्ही बटण म्हणतो. जन्मली तेव्हा नाकाच्या जागी कुणी शर्टाचं बटण टाचलंय असं दिसायचं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. काकांनी तिचे खांदे धरून तिला हळूच वळवलं. आत पसारा आहे म्हणाले. ती खोली त्या दिवशी आम्ही पाहिलीच नाही.

तरी घर पसंत केलं. का, ते सांगते. आमच्या भाड्याच्या घरात भिंतींना ओल होती आणि बटणला खोकला होता. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा बाटली लिहून देताना पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, औषधं बदलून भागायचं नाही, भिंती बदला. त्यात घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि दोन महिन्यांत जागा सोडा असा निरोप आला. त्या नव्या घरात मी बोलत कमी होते, भिंतींना तळवा लावून बघत जास्त होते. सुकी, सुकी, सुकी. शेवटच्या भिंतीवरून तर माझा हात निघेना. "बायको भिंतींच्या प्रेमात पडली," नवरा काकूंना म्हणाला. "आता भाव कमी करायला तोंड राहिलं नाही आम्हाला."

वकीलबाईंची कचेरी एका छापखान्याच्या वर होती. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरच्या टाचण्या थरथरायच्या. त्यांच्याकडे एक पिवळट कागद होता, कर्ज काढून घर घेणाऱ्या प्रत्येकासाठी तोच. बारा प्रश्न होते. घर खरंच विकणाऱ्याच्या नावावर आहे का. त्यावर आधीचं कर्ज होतं का, आणि ते फिटल्याचा दाखला कुठे आहे. नवं घर दोघांच्या नावावर घ्यायचं की एकाच्या. दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर हप्ते कोण भरणार. हप्ते थकले तर बँक किती दिवस थांबेल, आणि थांबून झाल्यावर काय करेल. या शेवटच्याचं उत्तर त्यांनी आवाज न बदलता दिलं. नोटीस, मग ताबा, मग लिलाव.

"म्हणजे घर आमचं, पण किल्ली उसनी," नवरा म्हणाला.

वकीलबाई हसल्या नाहीत. घर तुमचंच, म्हणाल्या, वेळेवर भरताय तोवर.

अकरा प्रश्नांवर खुणा झाल्या. काकांचे कागद स्वच्छ होते, इतके स्वच्छ की नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मग वकीलबाईंनी बाराव्या प्रश्नावर बोट ठेवलं. घरात आणखी कोण राहतं.

"अकरांची उत्तरं कागद देतात. हे माणसाने द्यावं लागतं."

आम्ही काकांच्या पाहुण्या बहिणीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी समजावलं ते असं. कागदावर नाव नसलं तरी वर्षानुवर्षं एखाद्या घरात राहणाऱ्या माणसाचा तिथे हक्क असू शकतो. बापाने मरताना ही खोली तुझी म्हणून शब्द दिलेला असतो, घर बांधताना बहिणीने आपली मिळकत घातलेली असते. असा हक्क घराबरोबरच विकत येतो, भिंतीतल्या ओलीसारखा. म्हणून घेणाऱ्याने त्या माणसाला समोरासमोर विचारायचं. या बहिणीने स्वतःच्या तोंडाने माझा काही हक्क नाही म्हटलं आणि खाली सही केली, की विषय मिटला. विचारलंच नाही, तर तिचा हक्क आहे तसाच राहतो, आणि बँक कर्जाला हात लावत नाही.

"आणि ती खोटं बोलली तर?" मी विचारलं.

वकीलबाई चष्मा पुसत होत्या. "खोटं कुणाच्या सोयीचं आहे ते बघा. तुमच्या सोयीचं असेल, तर ते तुम्हाला कळलेलं नसावं. एकदा कळलं की कळलं नव्हतं म्हणता येत नाही."

मग म्हणाल्या, तुम्हीच विचारा, भावाच्या देखत नको. बाई बाईशी मोकळेपणाने बोलते. आणि लोकांना प्रश्न विचारायचं तर तुमचं रोजचंच काम.

ते खरंच होतं. मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. आता स्पष्ट की आता, असं दिवसातून शंभरदा विचारते. आठ वर्षांत एक गोष्ट शिकले. माणसं तक्ता पाठ करतात. विशेषतः गाडीवर पोट असलेली. बाहेरच्या खुर्चीत बसून आधीच्याची अक्षरं ऐकतात आणि आत येऊन धडाधड म्हणून दाखवतात. ओळखायची खूण सोपी आहे. ते जरा जास्तच भरभर वाचतात, आणि त्यांचे डोळे तक्त्यावर नसतात, माझ्या तोंडावर असतात, बरोबर आलं का ते बघत. अशा वेळी मी काही बोलत नाही. नुसतं म्हणते, आता हीच ओळ शेवटाकडून वाचा. आजवर त्यातून पाठांतरावर एकही सुटलेला नाही.

रविवारी सकाळी मी बटणला घेऊन गेले. काकांनी दार उघडलं आणि आमच्या मागोमाग त्या खोलीपर्यंत आलेच. मी म्हटलं, दोन मिनिटं आम्हा बायकांना द्या. ते बाहेर गेले, दार ओढून घेतलं. पण खालच्या फटीतून त्यांच्या सपाता दिसत होत्या. हलल्या नाहीत.

त्यांची बहीण, घरातले सगळे त्यांना अक्का म्हणत, खिडकीशी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील, अंगाने काडी. हातात तोच पेला असावा, कसलीशी पांढरी पूड ढवळत होत्या. खोलीत पसारा नव्हताच. उलट इतकी नीट खोली मी कधी पाहिली नव्हती. फळीवर कागद अंथरून त्याच्या कडा कातरलेल्या. पलंगाजवळच्या चौकटीचा रंग एका ठिकाणी कमरेच्या उंचीवर उडालेला आणि लाकूड काचेसारखं गुळगुळीत, उठताना रोज हात धरला की होतं तसं.

त्या आधी माझ्याशी नाही, बटणशी बोलल्या. खिडकी उघडायचीय का विचारलं. बटणने कडी फिरवली, ती हलेना.

"आधी वर उचल, मग फिरव," अक्का म्हणाल्या. "उलटं केलंस तर रुसते ती."

कडी उघडली. बटण आनंदाने खोकली. अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मला सांगत राहिल्या, जणू मी त्यासाठीच आले होते. थंडीत हे दार फुगतं, ओढायचं नाही, थोडं उचलून लोटायचं. स्वयंपाकघरातला नळ दुपारी तीनला खाकरतो, पोर घाबरेल, तिला आधी सांगून ठेवा. ऊन या कोपऱ्यात सगळ्यात जास्त वेळ टिकतं, पलंग इथेच ठेवा.

मी पिवळट कागद काढला. माझा आवाज मला दुकानातला वाटला.

"तुम्ही इथे राहता का, अक्का? या घरात तुमचा काही हक्क आहे?"

"मी पाहुणी आहे," त्या म्हणाल्या. "येते अधूनमधून."

भरभर म्हणाल्या. आणि डोळे माझ्या तोंडावर होते.

त्यांच्या मागे फळीवर पाकिटांचा एक गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. काकूंकडून कळलं होतं, अक्का पूर्वी टपालकचेरीत पत्रं वेगळी करायच्या; पेन्शनची पाकिटं असावीत. माझी नजर चांगली आहे, तीन हातांवरून सहाव्या ओळीची अक्षरं वाचता येतात मला. वरच्या पाकिटावर त्यांचं नाव होतं आणि नावाखाली याच घराचा नंबर. त्याच्या खालच्यावरही, त्याच्याही खालच्यावर. तळाची पाकिटं पिवळी पडून कडांना चुरा झाली होती.

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता. किती वर्षं? एवढाच. शेवटाकडून वाचा, एवढंच म्हणायचं होतं. दाराखालच्या सपाता तशाच होत्या. बटण खिडकीत उन्हात उभी होती आणि, मला पक्कं आठवतं, पाच मिनिटांत एकदाच खोकली होती.

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

अक्कांनी सही केली. टपालातल्या माणसाचं अक्षर, एकेक अक्षर सुटं, ठळक. पेन परत देताना त्यांनी ते क्षणभर सोडलं नाही.

"विचारायचं ते सगळं विचारलंत ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पेन सोडलं. मग पेला उचलला आणि पुन्हा ढवळू लागल्या, पूड कधीच विरघळली होती तरी.

वकीलबाईंनी बाराव्या प्रश्नावर खूण केली. कसं बोलल्या, खोली कशी होती, काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बँकेत गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. त्या आमच्याबरोबर राहणार होत्या. त्यांच्या दोन खोल्या विकून आलेल्या पैशातूनच तर आम्ही घराची सुरुवातीची रक्कम भरली होती. जन्मभर दवाखान्यातल्या चादरींच्या घड्या घातलेली बाई. हातात काहीही आलं की चौपट होतं, बसचं तिकीटसुद्धा. बँकेतल्या माणसाने आमच्या सह्या घेतल्या, चाळीस-पन्नास ठिकाणी, आणि मान वर न करता विचारलं, नव्या घरात तुमच्याशिवाय आणखी कोण राहणार.

नवऱ्याने आईकडे बोट केलं. त्या माणसाने खणातून एक वेगळा कागद काढला. त्यात लिहिलं होतं की या घरात माझा हक्क नाही, असलाच तर तो बँकेनंतरचा, आणि बँकेने ताबा मागितला तर मी आडकाठी न करता बाहेर पडेन. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाकडून घेतो, म्हणाला, नेहमीचंच आहे.

मी नवऱ्याला म्हटलं, आईंचं नावच घरावर घातलं तर? ते आम्ही आधी विचारलं होतं. त्यांचं नाव घातलं की त्यांचं वयही मोजायचं, कर्जाची वर्षं कमी होतात आणि हप्ता आमच्या आवाक्याबाहेर जातो. नवरा तेव्हाच म्हणाला होता, नाव असलं काय नि नसलं काय, आई ती आईच. आत्ता तो पुढची सही करत राहिला.

"वाचतोस तरी का रे?" सासूबाई म्हणाल्या. "लग्नाच्या कागदावरही असाच न बघता सही ठोकून मोकळा झालास."

"ती चूक फळली ना," तो म्हणाला. बँकेतला माणूसही हसला.

मी त्यांना कागद वाचून दाखवायला लागले. दुसऱ्या ओळीवरच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे गं. मी काय, तुमच्याकडची पाहुणी. कुठे करायची सही?"

त्या भरभर बोलल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी घर रिकामं होतं. मागच्या खोलीत सासूबाईंचा पलंग लावला, उन्हाच्या त्याच कोपऱ्यात, अक्कांनी सांगितलेल्या. चौकटीचा उडालेला रंग त्यांच्या हाताला आपोआप सापडला. पहिल्याच दिवशी, उठताना. दुपारी तीनला नळ खाकरला आणि बटण ओरडली नाही, मी तिला आधी सांगून ठेवलं होतं. तिचा खोकला पंधरा दिवसांत गेला. ते लिहायलाच हवं. खरंच गेला.

खाली एक शिंपी बसतो. पडदे शिवून घ्यायला गेले तेव्हा त्याला सहज विचारलं, अक्का कुठे गेल्या? त्याने टेप गळ्यात अडकवून कोपऱ्याकडे बोट केलं. काका-काकू मुलाकडे गेले म्हणाला, दुसऱ्या गावाला, सामानाच्या गाडीत पुढे दोघांपुरतीच जागा होती. अक्का कोपऱ्यावरच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर एक पिशवी. कुणीतरी न्यायला येणार असेल असं त्याला वाटलं. दुपारी तो जेवायला गेला. परत आला तेव्हा बाकावर कुणी नव्हतं.

"किती वर्षं होत्या इथे?" मी विचारलं. आता विचारलं.

"मी दुकान टाकलं तेव्हा होत्याच," तो म्हणाला. "मला इथे एकतीस वर्षं झाली."

मग पत्रं यायला लागली. त्यांच्या नावाची, आमच्या नंबरवर. पहिलं आलं तेव्हा काकांना फोन केला. ठेवून द्या, म्हणाले, येईल तेव्हा नेईल. दुसरं आलं तेव्हा त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्याच्या वेळी तो नंबर अस्तित्वातच नव्हता. टपालकचेरीत गेले, तिथल्या खिडकीतल्या मुलीला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. शेवटी वकीलबाईंना विचारलं.

"परत पाठवा," त्या म्हणाल्या. "पाकिटावर लिहा, इथे राहत नाही. ठेवून घेतलीत तर उद्या कुणी म्हणेल, तुम्हाला ठाऊक होतं त्या इथे राहत होत्या."

खालचं यंत्र चालू होतं, फोनमधूनही टाचण्या ऐकू येत होत्या. काळजी करू नका, असंही म्हणाल्या. तुमचा कागद पक्का आहे, कुणी हलवू शकत नाही.

पाच पाकिटं झाली आहेत. फ्रिजच्या वर, बिस्किटांच्या डब्याखाली ठेवली आहेत. दोनदा पेन घेऊन बसले. "इथे" लिहून होतं, पुढचं लिहवत नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या कंपनीत चार माणसं होती, आता दोन आहेत. तिसरं नाव आपलं नसेल असं तो म्हणतो, आणि म्हणताना पंख्याकडे बघतो. गेल्या महिन्यात हप्ता नऊ दिवस उशिरा गेला. सासूबाईंपासून लपवलं होतं, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळचं दूध घेणं बंद केलं. दूध पचत नाही म्हणाल्या.

परवा सकाळी बँकेकडून एकजण आला. तरुण, सभ्य, दारातच बूट काढायला निघाला तर मीच म्हटलं राहू द्या. उशीर झाला की एकदा घर बघून जायची पद्धत आहे, म्हणाला, घाबरण्यासारखं काही नाही. त्याने खोल्या मोजल्या. भिंतींचे फोटो काढले. एका भिंतीला त्याने तळवा लावून बघितला, अगदी मी लावायचे तसा. मागच्या खोलीचं दार ओढलेलं होतं, त्याने ओढून पाहिलं, उघडलं नाही. उचलून लोटावं लागतं हे मी त्याला सांगितलं नाही. तो हसला आणि परत टेबलाशी आला. बटण माझ्या मांडीवर बसून त्याच्या कागदावरचे चौकोन बघत होती.

"आणखी एकच," तो म्हणाला. "घरात आणखी कोण राहतं?"

मी पंख्याकडे बघितलं.

बंद दाराआड चमचा फिरला. सासूबाईंची पोटाची पूड. मग त्यांचा आवाज आला, हसरा, स्वच्छ, त्याला नीट ऐकू जावा इतका मोठा.

"मी पाहुणी आहे हो. येते अधूनमधून."

हे शेवटचे दोन शब्दसुद्धा तेच कसे आले, देव जाणे. मी त्यांना कधी सांगितले नव्हते. त्या माणसाने चौकोनात खूण केली, पाणी प्यायला, बटणच्या गालाला बोट लावलं आणि गेला. मी दाराला कडी घातली तरी हात तिथेच ठेवून उभी राहिले.

बटणने माझा कुडता खाली ओढला. तिला काहीतरी हिशेबात बसत नव्हतं, तिच्या कपाळावर तेव्हा दोन उभ्या रेघा पडतात, माझ्या आईसारख्या.

"आई," ती म्हणाली, "पाहुणे परत जातात ना? मग आपली आजी कधी जाणार?"